आधी भोकं बुजवा, मग भोकं पाडा

मराठी माणूस घरासाठी ग्रॅनाइटला पैसे देतो, नळांना देतो, जिन्याच्या कठड्याला देतो. वास्तुतज्ज्ञाची दक्षिणा तर शेवटी एकचा आकडा लावून, २५१ डॉलर, झूमचा कॉल संपायच्या आत पोचती करतो. हात आखडतो तो कागदाला पैसे देताना. ज्या खर्चाच्या शेवटी पाहुण्यांना फिरवून दाखवता येईल अशी वस्तू उरत नाही, तो आमच्याकडे ‘बघू’ या रकान्यात जातो.

मिनियापोलिसच्या उपनगरातलं आमचं घर साठीतलं, म्हणजे घराची साठी उलटलेली. चोवीसशे चौरस फूट, चार बेडरूम, आणि तळघरात फर्नेस नावाचं एक धूड, जे जानेवारीत मध्यरात्री कण्हायचं. स्वयंपाकघर नवं करायचंच होतं, तेव्हा हेही बदलू असं ठरलं. नवऱ्याने एक्सेल उघडलं. त्यात मी एक ओळ घातली : ‘हीटिंग-व्हेंटिलेशन डिझाइन, १,८०० डॉलर.’ त्याने ती लाल केली. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाल्या, “अगं, हवा मोजायला दीड लाख रुपये?”

“फर्नेसवाले फुकट एस्टिमेट देतात की,” नवरा म्हणाला. देतात खरं. पहिला आला, तळघरात उतरला, जुन्या धुडावरचं स्टिकर वाचलं आणि म्हणाला, ताशी एक लाख बीटीयू उष्णतेची आहे, तेवढीच बसवू. दुसऱ्याने निदान विचारलं तरी, घर किती फुटांचं? चोवीसशेला पन्नासने गुणून त्याने एक लाख वीस हजार काढले. तिसऱ्याने पहिल्या दोघांचे आकडे विचारून घेतले आणि मधला सांगितला. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, माळ्यावर इन्सुलेशन आहे की नुसतीच धूळ, हे तिघांपैकी कोणी वर मान करून पाहिलं नाही. पुण्यात एसीच्या दुकानात ‘खोली किती बाय किती?’ विचारून दीड टन गळ्यात मारतात, त्याच गुरुकुलातले हे.

नवऱ्याचं मत, मोठी घेतलेली बरी, थंडीचा काय नेम. मोठ्या मुलाचा शर्ट धाकट्याला ‘येईल अंगाला’ म्हणून घालायच्या चालीत हा माणूस वाढलाय. पण फर्नेस काही अंगाने भरत नाही. गरजेपेक्षा मोठी असली की पाच मिनिटं धडधडते, हॉलमधला थर्मोस्टॅट खूश होतो, ती बंद पडते, आणि लांबच्या बेडरूममध्ये गरम हवा पोचेपर्यंत तिथली माणसं कानटोपी शोधत असतात. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. यंत्र लवकर झिजतं ते वेगळंच.

शेवटी लाल ओळ काळी झाली आणि डिझायनरबाई आल्या. त्या फर्नेस विकत नाहीत, बसवतही नाहीत. विकतात ते नुसतं गणित. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटला आणि नवऱ्याला फार संशयास्पद. बाईंनी दिवसभर टेपने भिंती मोजल्या, काचा मोजल्या, होकायंत्र धरलं, माळ्यावर चढून आल्या तेव्हा केसांत १९६० सालचा कापूस होता. अमेरिकेत या कामाचं पद्धतशीर शास्त्र आहे. मॅन्युअल ‘जे’ म्हणजे कुठल्या खोलीला किती उष्णता लागेल, ‘एस’ म्हणजे त्यासाठी कुठलं यंत्र, आणि ‘डी’ म्हणजे ती हवा पोचवणारे डक्ट किती रुंद. आमचे तिन्ही फुकट-एस्टिमेटवाले थेट ‘एस’पासून सुरू झाले होते.

मग त्यांनी पुढच्या दारात एक मोठा पंखा ताणून बसवला. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा पन्नास पास्कलने कमी करतो, आणि मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत घुसते. ती कुठून घुसते हे धुराने शोधायचं. बाईंची धुराची कांडी संपल्यावर सासूबाईंनी देवघरातून उदबत्ती आणून दिली. मोगऱ्याची. विजेच्या स्विचांमधून, खिडकीच्या चौकटींमधून, माळ्याच्या झाकणाभोवतून वारा येत होता आणि उदबत्तीचा धूर त्यापुढे पळत होता. निकाल लागला : त्या दाबाला घरातली सगळी हवा तासात सात वेळा बदलते.

“मग हवा खेळती आहे की घरात!” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

आता त्यांना सांगायचं कसं, की इथे हवा खेळते ती आपल्या गॅसच्या बिलाशी. बाई म्हणाल्या, आधी ही सगळी भोकं बुजवा, सात आकडा तीनवर आणा. सासूबाईंनी मान डोलावली. मग बाई म्हणाल्या, आता घर इतकं बंदिस्त झालं की ताजी हवा येणार नाही, म्हणून ती आणायला यंत्र बसवा. त्यासाठी भिंतीला दोन भोकं पाडा.

“आधी भोकं बुजवायला पैसे,” सासूबाई सावकाश म्हणाल्या, “आणि मग भोकं पाडायला पैसे.” एक्सेलकडे पाहत नवरा प्रथमच आईशी संपूर्ण सहमत झाला.

गंमत वाटते, पण हिशोब चोख आहे. फटीतून येणारी हवा तिच्या मर्जीने येते; कडाक्याच्या थंडीत, वारं सुटलं की नको तितकी, आणि सौम्य दिवशी हवी तेव्हा नाही. यंत्र हवा मोजून आणतं, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा एकमेकींना शिवत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून फक्त ऊब देतात. सोवळं पाळूनही देवाणघेवाण होते म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध मावळला. किती हवा लागेल याचंही सूत्र आहे : घराच्या दर शंभर चौरस फुटांना तीन सीएफएम, म्हणजे मिनिटाला तीन घनफूट हवा, आणि दर माणशी साडेसात. माणसं मोजायची ती बेडरूम अधिक एक. आमची पाच धरली. एकूण साधारण ११० सीएफएम.

“पाच?” मी म्हटलं. “आमच्याकडे गणपतीला आरतीला चाळीस माणसं असतात.”

बाईंनी लगेच लिहून घेतलं. नुसतं बसलेलं माणूससुद्धा ताशी २३० बीटीयू उष्णता आणि वर २०० बीटीयूचा दमटपणा हवेत सोडतं, असं मॅन्युअल ‘जे’ धरतं. चाळीस जणांचे झाले १७,२००. एसीचा एक टन म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला लागते तेवढी उष्णता, ताशी १२,००० बीटीयू. म्हणजे आमची आरती जवळजवळ दीड टनाची, तीही टाळ्या, झांजा आणि पेटता कापूर न धरता. नवऱ्याने विचारलं, मग मशीन दीड टनाने मोठं घ्यायचं का? बाई म्हणाल्या, “त्या दिवशी खिडक्या उघडा.”

थंडीबद्दलही तेच. मिनेसोटात टॉवर गावी १९९६च्या २ फेब्रुवारीला पारा उणे ६० फॅरनहाइटला गेला होता, हे नवऱ्याने कुठूनसं शोधून काढलं होतं. बाई डिझाइन करत होत्या उणे ११ला. वर्षाचे ८,७६० तास, त्यातले फार तर एक टक्का, म्हणजे अठ्ठ्याऐंशी तास, त्याहून थंड जातात. त्यांच्यासाठी उरलेलं वर्षभर अवजड यंत्र पोसायचं नाही. “त्या वेळी स्वेटर घालायचा,” सासूबाई म्हणाल्या. भाषांतर करायची गरज पडली नाही.

माझी जिरली ती चिमणीवर. स्वयंपाकघरासाठी मी नऊशे सीएफएमचं हूड निवडून ठेवलं होतं. मिरचीची फोडणी, सुकट, खांडोळीचं तळण. घरभर खोकला नको एवढीच माझी माफक अपेक्षा. बाईंनी कागदावर मांडलं : १.०८ गुणिले ९०० गुणिले ८१, कारण आत सत्तर आणि बाहेर उणे अकरा. उत्तर ताशी ७८,७३२ बीटीयू. भोकं बुजवल्यावर अख्ख्या घराला लागणार होते ताशी ४६,०००. म्हणजे ठेच्याच्या मिरच्या परतायला घरापेक्षा जास्त ऊब लागणार, कारण हूड जेवढी हवा बाहेर फेकतं तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. चारशेच्या वर गेलं की ती आणायची वेगळी सोय करावी लागते, तिचा खर्च निराळा. तीनशेचंच घ्या, पण शेगडीपेक्षा रुंद आणि खोल, आणि फोडणी मागच्या बर्नरवर, असा निवाडा झाला. सासूबाई गेली चाळीस वर्षं फोडणी मागच्याच बर्नरवर करतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मी इथे कृतज्ञतेने नोंदवते.

खरा तंटा झाला तो दिशेचा. वास्तुतज्ज्ञ म्हणाले, वायू वायव्येचा, हवा तिथूनच आत घ्या. बाई म्हणाल्या, वायव्येला नको, इथला हिवाळी वारा नेमका तिकडूनच येतो, बर्फ साचून जाळी बुजेल. दोघांच्या माहितीत मला तरी फरक दिसेना. आग्नेयेची भिंत सुचवली तर तिथे हूडची हवा बाहेर पडते, आणि दोन भोकांत निदान दहा फूट अंतर हवं. शेवटी पूर्व ठरली. बाईंनी आराखडा त्याच फीमध्ये बदलून दिला. वास्तुतज्ज्ञांनी उपाय म्हणून तांब्याचा पिरॅमिड सांगितला, १०१ डॉलर.

आता बजेट करणाऱ्याला माझं सांगणं इतकंच, की ही ओळ शीटमध्ये ग्रॅनाइटच्या वर हवी, खाली नको. भिंती बंद झाल्यावर डिझायनर बोलावला तर डक्टला जागा उरत नाही, आणि मग छताखाली खोके लटकवून, त्यांना रंग देऊन, ‘डिझाइन एलिमेंट’ म्हणत बसावं लागतं. आमची फर्नेस आली साठ हजार बीटीयूची, एक लाखाची नव्हे. किमतीतल्या फरकाने निम्मी फी सुटली. नवरा हे आता स्वतःचीच कल्पना असल्यासारखं सगळ्यांना सांगतो.

त्याचा परिणाम असा, की महाराष्ट्र मंडळातल्या एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांचंही घर चोवीसशेच फुटांचं. “वहिनी, ती तुमची पीडीएफ पाठवा ना. परत पैसे कशाला घालवायचे?” मी म्हटलं, अहो, तुमच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. ते म्हणाले, “तेवढी दिशा बदलून पाठवा.”