टहरौलीचा टॅपेट

झाशीला जाणाऱ्या मराठी माणसाकडून लोकांच्या ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने किल्ला चढावा, राणीने घोड्यावरून उडी घेतली म्हणतात त्या तटावरून खाली डोकावून 'बाप रे' म्हणावं, 1842 मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं त्या गणेश मंदिरात हात जोडावेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरावं. हे सगळं मी केलं, पण उरकल्यासारखं केलं. कारण खाली आतेभावाची, नानाची मोटारसायकल उभी होती, आणि चालू केली की तिच्या डोक्यात बसून कोणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरतंय असा आवाज येत होता.

"टॅपेट बोलतोय," नाना म्हणाला. "बोलू दे. बोलून बोलून बोलणार किती?"

आमच्या आत्याचं सासर झाशीचं. नेवाळकरांच्या काळात कोकणातून आणि घाटावरून जी घरं इकडे आली, त्यांतलं हे एक. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि गाडी बिघडली की बुंदेली, अशी यांची व्यवस्था. गाडी 1987 ची हिरो होंडा सीडी 100. "माझी जपानी गाडी" असं नाना छाती पुढे काढून म्हणतो. जन्म हरियाणातल्या धारूहेड्याचा, पण पत्रिका जपानची. होंडाने 1958 मध्ये काढलेल्या सुपर कबच्या घराण्यातलं हे आडवं इंजिन, 97.2 सीसीचं. 1984-85 च्या सुमारास चार जपानी पाहुणे आपापले भारतीय यजमान गाठून इथे उतरले. सुझुकी, यामाहा आणि कावासाकी यांनी आणल्या टू-स्ट्रोक गाड्या, म्हणजे धूर सोडणाऱ्या आणि कान फोडणाऱ्या. फोर-स्ट्रोक आणली ती एकट्या होंडाने. त्यामुळे व्हॉल्व्ह हिलाच, टॅपेट हिलाच आणि टॅपेटचा त्रासही हिलाच. बाकीच्यांना डोक्यात काही नसल्याचं सुख होतं.

त्यात या गाडीची जाहिरात देशभर गाजली ती 'पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरा' या अर्थाची. लोकांनी ती शब्दशः पाळली. पेट्रोल भरलं, झाकण लावलं आणि टॅपेट विसरले. नानाने तर 1991 नंतर तिकडे पाहिलंच नव्हतं.

ज्यांच्या आयुष्यात टॅपेट आला नाही, त्या सुदैवी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या माथ्यावर दोन व्हॉल्व्ह. एक हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर टाकतो. त्यांना दाबायला दोन रॉकर, आणि प्रत्येक रॉकरच्या टोकाला एक छोटा स्क्रू न् त्यावर नट. स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट ठेवायची असते, मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाची, म्हणजे 0.05. फट वाढली की टकटक ऐकू येते. फट बुजली तर मात्र काहीच ऐकू येत नाही, गाडी गुणी वाटते आणि व्हॉल्व्ह नीट न मिटल्यामुळे आतल्या आत जळत जातो. म्हणून जाणते मिस्त्री वाजणाऱ्या टॅपेटला घाबरत नाहीत, गप्प टॅपेटला घाबरतात. घरातल्या माणसांबद्दलही त्यांचं हेच मत असावं.

नानाच्या गाडीत फट नव्हती, खिंड होती. ती कमी करायला झाकण उघडलं तर नटाचे सहाही कोपरे कोणीतरी पक्कडीने खाऊन टाकलेले, आणि स्क्रूच्या टोकाला झिजून वाटीसारखा खड्डा. म्हणजे फट मोजून बसवली तरी गेज खड्ड्यावरच्या पुलासारखं आडवं राहणार आणि खाली खिंड तशीच. दोन स्क्रू, दोन नट आणि झाकणांच्या दोन ओ-रिंग एवढीच यादी. मुलीच्या लग्नाची यादी याहून लवकर जमते.

एका मोठ्या शहरी शोरूमच्या पार्ट काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने गाडीचं नाव विचारलं, संगणकात घातलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी घोड्याचा नाल मागतोय. "सर, ये मॉडेल सिस्टम में नहीं दिख रहा." मी खिडकीतून बोट दाखवलं, "ते बघा, रस्त्यावर दिसतंय." पण रस्ता सिस्टममध्ये येत नाही. होंडाशी काडीमोड ठरला 2010 मध्ये, पुढच्या वर्षी हिरोने नाव बदललं. त्या मुलाच्या लेखी त्याआधीचं सगळं प्रागैतिहासिक असणार.

मग सीपरी बाजारातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मालकाने काचेवर तीन स्क्रू ठेवले. एक चकाकत होता तो नकली. दुसरा कमी चकाकत होता तो चांगला नकली. तिसरा कसला आहे ते त्यालाही सांगता येईना. मी खरा मागितल्यावर तो जरा गंभीर झाला. म्हणाला, "असली चीज चाहिए तो टहरौली जाओ. दूधवालों की गाड़ियाँ वहीं बनती हैं."

पुण्यात नाना पेठ आणि दिल्लीत करोल बाग सोडून तालुक्याच्या गावी पार्ट शोधायला जावं, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण विचार केला तर रास्त आहे. मोठ्या शहरात ही गाडी हौसेची झाली. हौसेच्या गाडीला आरसे, स्टिकर आणि क्रोमचे पाइप मिळतात. जिथे ती अजून दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून पोट भरते, तिथे तिला टॅपेटचा स्क्रूच लागतो, आणि जे लागतं ते कोणीतरी ठेवतंच.

टहरौली हे झाशी जिल्ह्याच्या पाच तहसिलींपैकी एका तहसिलीचं गाव. कानपूरचा हमरस्ता धरायचा, पारीछाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकायच्या आणि चिरगावला उजवीकडे वळायचं. चिरगाव म्हणजे मैथिलीशरण गुप्तांचं गाव. राष्ट्रकवीच्या गावी दोन मिनिटं थांबावं असं मला वाटलं, पण नाना म्हणाला, "बंद केलीस तर पुन्हा किक मारशील तू." साहित्यप्रेमाला मर्यादा असतात. पुढे बेतवा ओलांडली आणि दोन्ही बाजूंना गहू नि मटाराची शेतं लागली. फेब्रुवारीचं ऊन होतं, कोवळं म्हणावं असं. टॅपेटचा आवाज मोकळ्या रानात इतका लांब जात होता की शेतातल्या बाया आम्ही दिसायच्या आधीच मान वर करत होत्या.

या रस्त्यांवरून 1857-58 च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे हिंडले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये लूट आहे, उपास आहे, जिवावरचे प्रसंग आहेत. पण ते पायी होते, त्यामुळे टॅपेट नाही. संकटांची यादी तेवढी अपुरी राहिली.

टहरौलीतल्या मिस्त्रींचं दुकान म्हणजे कडुनिंबाचं झाड, त्याला टांगलेली एक ट्यूब आणि खाली पोतं. आम्ही पोचण्याआधीच ते पोत्यावरून उठून उभे होते. "काए भैया, टैपट बोल रओ?" मी म्हटलं, बोल रओ. त्यांनी गाडीला हात लावला नाही. मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "धुएँवाला जादा ढीला. दूसरा कम." निदान झालं, तेही फुकट. मी खिशातलं फिलर गेज चाचपलं. नाना पेठेतून मुद्दाम आणलेलं, पत्त्यांच्या कॅटासारखं उलगडणारं. ते बाहेर काढायचा धीर होईना.

मिस्त्री आत गेले आणि मिठाईचा एक जुना डबा घेऊन आले. आत डिझेलमध्ये बुडलेला सगळा हिरो होंडाचा इतिहास. त्यांनी दोन बोटं घालून ढवळलं, न बघता, आणि एक स्क्रू वर काढून शर्टाच्या बाहीला पुसला. माथा चौकोनी, टोक गोल, आरशासारखं. नखाने तपासला. मग दुसरा. मग दोन नट, सहाही कोपरे शाबूत. मला भरून आलं.

"लगाओ चाचा," नाना म्हणाला.

"अबै नईं. ठंडो होन दो."

इथे खरं प्रवासवर्णन सुरू होतं. टॅपेट थंड इंजिनावरच बसवायचा असतो. तापलेला धातू फुगतो आणि मोजलेली फट खोटी ठरते. होंडाच्या पुस्तकात इंजिन 35 अंशांच्या खाली हवं असं लिहिलेलं असतं. झाशीत मे महिन्यात हवाच 45 च्या वर जाते. तेव्हा आलो असतो तर थेट पावसाळ्यापर्यंत मुक्काम पडला असता. फेब्रुवारीत दोन-तीन तासांवर भागलं. एखादं गाव बघायचं असेल तर तिथे जाऊन इंजिन थंड व्हायची वाट बघावी. गाव आपणहून बघायला येतं.

आधी आला एक आरएक्स 100 वाला. ती यामाहाची टू-स्ट्रोक, म्हणजे टॅपेटशी काडीचा संबंध नाही. टॅपेटवर सर्वांत जास्त तोच बोलला. मग तहसिलीतून काळा कोट घातलेले वकीलसाहेब आले. त्यांनी स्क्रू उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि असली असल्याचा निकाल दिला. एक दूधवाला रिकाम्या कॅन घेऊन उभा राहिला. त्याच्याकडेही सीडी 100, नानाच्यापेक्षा जुनी आणि आवाज नाही. "हर जाड़े में बनवात," एवढंच म्हणाला आणि गेला. नाना त्यानंतर बराच वेळ कडुनिंबाकडे बघत होता.

आम्ही मराठी आहोत असं कळल्यावर वकीलसाहेबांनी पूर्वेकडे हात केला, "फिर तो गुरसराय आपका ही हुआ." गुरसरायची जहागीर गोविंदपंत खेरांच्या, म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांच्या वंशजांकडे होती. पंतांकडे पानिपतच्या मोहिमेत काम होतं रसदीचं. 1760 च्या डिसेंबरात अब्दालीच्या स्वारांनी त्यांना गाठून मारलं आणि भाऊसाहेबांच्या फौजेला पुढे दाणा मिळेना. बुंदेलखंडाकडून मराठ्यांना माल वेळेवर पोचणं ही गोष्ट किती मोलाची, हे माझ्या हातातल्या स्क्रूकडे बघून मला नव्याने पटलं.

तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे सुझुकीची जीएस 750 आहे, सत्तरच्या दशकातली. त्या गाडीत स्क्रू नसतोच. शिम असतात, म्हणजे पाच-पाच शतांश मिलिमीटरने जाड होत जाणाऱ्या पोलादी चकत्या. फट मोजा, जुनी चकती काढा, तिची जाडी बघा, वजाबाकी करा, नवी मागवा. "मामा, आठवडा झाला, चुकीची चकती आली," तो म्हणाला. "तुमचं कसं चाललंय?" मी म्हटलं, "इंजिन थंड होतंय. समोसा खातोय." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

शेवटी मिस्त्रींनी हेडवर तळवा टेकवला आणि "हओ" म्हणाले. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हाताने इंजिन हळूहळू फिरवलं. आतल्या हवेने अंगठा ढकलला तेव्हा मॅग्नेटवरची टी खूण खुणेसमोर आणली. सतराच्या पान्याने दोन्ही झाकणं उतरवली. स्क्रू बदलले, नऊच्या पान्यात नट धरला आणि रॉकर दोन बोटांत पकडून हलवला. डोळे मिटलेले. नट आवळताना स्क्रू एक केसभर फिरतो, तो हिशेब त्यांनी आधीच धरला होता.

आता मात्र मला राहवलं नाही. गेज काढलं, 0.05 चं पान वेगळं केलं आणि फटीत सरकवलं. पान हलकं घासत गेलं, जसं जायला हवं तसंच. त्यावरचं 0.08 चं आत शिरेना. दुसऱ्या टॅपेटचंही तेच. मिस्त्रींनी गेज हातात घेऊन कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "जे काए के लाने?"

पैसे विचारले तर त्यांनी जो आकडा सांगितला, तेवढ्यात पुण्यात पार्किंगही मिळत नाही. नानाने सवयीने घासाघीस केली. मी त्याला पायाने ढोसलं.

परतीच्या वाटेवर गाडी शिवणयंत्रासारखी चालली आणि चिरगावला थांबून एका किकेत पुन्हा सुरू झाली. यादीतल्या ओ-रिंग मात्र टहरौलीत मिळाल्या नाहीत. जुन्याच ग्रीस लावून बसवल्या आहेत आणि हेडच्या कडेला तेलाचा ओलावा येतो. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला सीडी 100 घेऊन जाणार असेल तर टॅपेट कव्हरच्या चार ओ-रिंग पुण्याहून न्याव्यात. दोन स्वतःला, दोन कडुनिंबाखाली द्याव्यात.