अतिथीची तिथी

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असं आम्हाला शाळेत शिकवलं. युरोपात हा धडा झालेला दिसत नाही. तिथे पाहुण्याला येण्याची तिथी लागतेच, पण त्याआधी जाण्याची लागते.

लेकीच्या बाळंतपणासाठी हिने म्युनिकला जायचं ठरलं. म्हणजे शेंगेन व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं चिमुकलं गाव. 1985 साली तिथे एका बोटीवर बसून 5 देशांनी सह्या केल्या. आज त्या गावाच्या नावाने 29 देश आपल्या विहिणी-व्याह्यांचे दिवस मोजतात.

हमी जावयाने घेतली. सासूचं राहणं, खाणं, दवाखाना आणि वेळ आलीच तर तिला परत धाडणं, सगळा खर्च मी देईन, असं तिथल्या कचेरीत जाऊन लिहून द्यायचं. या कागदाचं जर्मन नाव मी एकदाच म्हणून पाहिलं. कवळी हातात आली. लग्नात याच गृहस्थाच्या मानपानासाठी मी फंडातून उचल केली होती. फिटंफाट झाली म्हणायची!

नियम साधा: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. मी बँकेत 34 वर्षं व्याज मोजलेला माणूस. 90 दिवस म्हणजे 3 महिने. 1 मार्चचं जाणं, 31 मेचं येणं. तिकीट काढून मोकळा झालो.

हिने बोटांच्या पेरांवर मोजलं. "अहो, हे 92 होतात."

"जाण्यायेण्याचे दिवस धरायचे नसतात गं."

"सुतकात पहिला दिवस धरत नाही का आपण?"

नियम पुन्हा वाचला. उतरल्याचा दिवसही मोजतात आणि निघाल्याचाही. ब्रसेल्समध्ये नक्की कुणीतरी घाटावरची आजी नोकरीला आहे! तिकीट बदलायचे पैसे किती गेले ते हिला अजून सांगितलेलं नाही. नवं तिकीट 28 मेचं, म्हणजे 89 दिवस. उरलेला एक हिने खात्यात किमान शिल्लक ठेवावी तसा ठेवला.

मध्येच जावयाने सुचवलं, चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊ, तेवढे दिवस वाचतील. वाचत नाहीत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. लंडनला गेलं तर मोजणी थांबते, पण तिथला व्हिसा वेगळा. थोडक्यात, काटा थांबवायलाही पुन्हा रांगेतच उभं राहायचं.

ही परत आली आणि नातवाच्या उष्टावणाचं निघालं. गुरुजींनी 20 ऑगस्ट काढून दिला. हिने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, चष्मा लावला. ते 180 दिवस जागेवर थांबत नाहीत. रोज सकाळी उठून मागचे 180 पुन्हा मोजायचे. 20 ऑगस्टला गेली तर हिच्या वाट्याला तोच एक दिवस. नातवाला घास भरवायचा आणि हात धुऊन रात्रीच्या विमानात बसायचं.

तिने गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, 27 ऑगस्टच्या आधी मुहूर्त नाही."

"कोण म्हणतं?" गुरुजींचा आवाज मला इकडे ऐकू आला.

"जर्मनीचं पंचांग," ही म्हणाली.