लेव्हलकाका

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं, की वर्गणीचा आकडा फलकावर लागायच्या आत लेव्हलकाका माळ्यावरून पाण्याची नळी काढतात. हे काका कोथरूडला असतात, डोंबिवलीला असतात, नाशिकमध्ये तर एकेका बिल्डिंगला दोन-दोन असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. बहुतेक जण पाटबंधारे नाहीतर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. क्वचित एखादे बँकेतले निघतात. ते जास्त कडक, कारण दोन पैशांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाण्याची सवय हाडात मुरलेली.

बाकी सभासदांचा जीव ब्लॉकच्या रंगात आणि आकारात अडकलेला असतो. लाल की राखाडी, झिगझॅग की डमरू, यावर सर्वसाधारण सभेत तास जातो. काकांना यात काडीचा रस नाही. ते एकदाच उठतात, ‘‘आवारात पाण्याचे टँकर येतात, 60 मिलिमीटर जाडी चालणार नाही, 80 घ्या,’’ असं सांगतात आणि आयएस 15658 असा क्रमांक फेकून खाली बसतात. सभा एकमताने 60 मंजूर करते. काका शांत राहतात. त्यांची खरी लढाई खाली, मातीत व्हायची असते.

त्यांच्या लेखी ब्लॉक हे नुसतं झाकण. खरं काम त्याखालच्या वाळूचं, आणि त्याहून खरं वाळूखालच्या खडी-मुरमाचं. कंत्राटदाराचा हिशेब सोपा असतो: मुरूम जसा पडला तसा राहू द्यायचा, खड्डा असेल तिथे वाळू जास्त ओतायची, वरून दिसतंय कोणाला! काकांना दिसतं. ‘‘मुरमातला खड्डा वाळूत लपवतोस होय रे?’’ असा प्रश्न आला की मुकादमाचा चेहरा पडतो. काकांचं म्हणणं बिनतोड आहे. वाळूचा थर सगळीकडे सारखा, सव्वा-दीड इंचाचा हवा. जिथे तो चार इंच झाला तिथे ती दबत राहणार आणि नेमकी तिथल्या ब्लॉकची बशी होणार. म्हणून काका मुरमावर पाणी मारून धुम्मस फिरवून घेतात, मग पुन्हा फिरवून घेतात, आणि तळमजल्यावरच्यांची कपाटं थरथरली की समाधानाने मान हलवतात.

मग येते नळी. पारदर्शक, लांबलचक, पाणी भरलेली. पाणी नीट दिसावं म्हणून तीत काकूंच्या डब्यातली हळद. एक टोक गेटच्या खांबाला, दुसरं वॉचमनच्या हातात. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खुणा करायच्या आणि दोरी ताणायची. पण नळीत कुठेतरी बुडबुडा अडकलेला असतोच. तो शोधण्यात अर्धी सकाळ जाते. ती काकांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वेळ असावी. कंत्राटदार लेसरच्या यंत्राचं नाव काढतो तेव्हा ते त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहतात.

मजुरांशी काका हिंदीत बोलतात. ‘‘भैया, इधर दो सूत उंचवटा है, वो खरवड के टाको. और ढाळ गटार की तरफ मंगता, जिने की तरफ नहीं.’’ मजूर बहुतेक वेळा नांदेडचा असतो. तो ‘हो काका’ म्हणतो, तरी काका हिंदी सोडत नाहीत. ढाळ त्यांना 50 फुटांना 1 फूट हवा, म्हणजे 10 फुटांना जवळजवळ अडीच इंच. कंत्राटदार ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारतो तेव्हा तर ते कानावर हातच ठेवतात.

वाळू अंथरायची त्यांची पद्धत मात्र बघण्यासारखी. मुरमावर दोन पाइप समांतर ठेवायचे, मध्ये घमेल्याघमेल्याने वाळू ओतायची आणि अॅल्युमिनियमची पट्टी त्या पाइपांवरून ओढत मागे यायचं. मग पाइप अलगद उचलायचे आणि राहिलेल्या चरात थापीने वाळू भरायची. वाळू दमट हवी, पण मूठ दाबली तर पाणी गळता कामा नये. क्रशरची बारीक पूड घातलेली तर त्यांना पाहताक्षणी कळते. ती पाणी धरून ठेवते आणि टायरखाली चिखल होते. ट्रक परत पाठवताना त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

पट्टी एकदा फिरली की वाळूवर पाय ठेवायचा नाही. ब्लॉक लावणाऱ्यानेसुद्धा आधी लावलेल्या ब्लॉकवर बसूनच पुढे सरकायचं. हा नियम पेपरवाला, दूधवाला, भाजीला निघालेल्या वहिनी आणि अध्यक्ष, सर्वांना सारखाच लागू. काका खुर्ची टाकून पहारा देतात. मांजरीला नियम सांगता येत नाही, म्हणून तिच्यासाठी जवळ काठी. तरीही ती एकदा जातेच. मग त्या चार पावलांसाठी अख्खा पट्टा पुन्हा ओढला जातो आणि मुकादम आकाशाकडे बघतो.

सपाट झालेल्या वाळूचा फोटो काका सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. ‘‘काका, यात काहीच दिसत नाहीये,’’ असं कोणीतरी लिहितं. काकांचं उत्तर येतं, ‘‘तेच तर!’’ मला वाटतं, त्यांना त्यावर ब्लॉक बसवायची घाईच नसते. चालू दिलं तर ते नुसती वाळू बघत पावसाळ्यापर्यंत बसतील.

माणूस छळवादी आहे, यात वाद नाही. त्यांच्यापायी काम लांबतं, कंत्राटदार जादा बिल लावतो, वॉचमन गेट सोडून नळी धरून उभा राहतो. पण जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा सगळी सोसायटी गॅलरीत येऊन बघते, तर पाणी गुमान गटाराकडे निघालेलं असतं. डबकं साचतं ते एकाच पट्ट्यात, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या चेंबरपाशी. चौकशी केली तर कळतं, तेवढी वाळू दुपारी एक ते चारच्या मध्ये ओढली होती आणि काका झोपले होते.

तेव्हा तुमच्याकडे हे काम निघालं, तर करारात एवढं कलम जरूर घाला: वाळूवर पट्टी मारायची ती सकाळीच.