गाडीची काच धुणाऱ्या पाण्याच्या टाकीत काय ओतावं?

नवी गाडी घेतलेल्या माणसाने पहिल्या रविवारी बॉनेट उघडावं. त्याचा खटका सापडायला दहा मिनिटं लागतात, तोवर सोसायटीतले तीन जाणकार आपोआप जमतात.

आत झाकणं बरीच. ज्यावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, बहुधा निळं, ते आपलं. शेजारी कूलंटचं. इंजिन तापलेलं असताना ते उघडलंत, तर पुढचं मार्गदर्शन डॉक्टर करतील. ब्रेक ऑइलच्या डबीत पाणी ओतू पाहणाऱ्यांनी रिक्षानेच फिरावं.

आता ओतायचं काय, यावर जाणकारांत पंथ आहेत. भांडी घासायच्या लिक्विडचा पंथ सर्वांत मोठा, आणि मीही त्यातलाच. तळमजल्यावरचे काका म्हणाले होते, ‘दोन थेंब पुरे रे.’ मी दोन झाकणं ओतली. सिग्नलला कळ ओढली मात्र, काचेवर न्हाव्याच्या दुकानातला फेस! वायपर तो इमानेइतबारे इकडून तिकडे नेत राहिला. हिरवा दिवा लागला तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत होतो, आणि शेजारचा स्कूटरवाला चष्मा पुसत माझ्या घराण्याचा उद्धार करत होता. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवरच्या साबणाच्या सायीत पसरले, ते निराळंच.

शॅम्पूची पुडी हा उपपंथ. फेस तोच, वास बरा. फिनेलवाल्यांची गाडी आतून दवाखान्यासारखी दरवळते, कारण बाहेरची हवा आत घेणारी जाळी काचेच्या पायथ्याशीच असते.

‘आम्ही बुवा साधं पाणी घालतो’ म्हणणारे स्वतःला संत समजतात. पण बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलच्या भोकाशी पांढरे होऊन बसतात. मग टाचणी घेऊन भोकं कोरत बसा. फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी वाचवून इथे ओतणाऱ्या काटकसरी मंडळींनो, त्यात क्षार आणखी जास्त असतात! शिवाय नुसतं पाणी टाकीत साचून राहतं. 2010 साली ब्रिटनमधल्या अभ्यासात असं नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांत लेजिओनेला जंतूंच्या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला होता.

खरं उत्तर फारच नीरस आहे. फिल्टरचं नाहीतर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं आणि त्यात दुकानात मिळणारं वॉशर लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच मिसळायचं. हिवाळ्यात लडाखला जाणार असाल, तर न गोठणारं मागून घ्या. बर्फ फुगतो आणि टाकीला तडा जातो.

पावसाळ्यातही टाकी भरलेली ठेवा. घाटात पुढचा ट्रक चिखल उडवतो तेव्हा पाऊस नेमका थांबलेला असतो. आणि फवारा आला नाही तर कळ ओढत बसू नका. आतली छोटी मोटर पाण्यानेच गार राहते, कोरडी फिरली की जळते.