नाना साठे

नानांचं आडनाव साठे नाही. ते गावाने दिलेलं आहे. सांगलीच्या पेठेत 'पाटीवाले नाना' म्हणून विचारलंत तर दोन-तीन जण निघतील. 'नाना साठे' म्हटलं की पानवाला मान न वळवता नुसतं बोट दाखवतो. त्या बोटाच्या दिशेने एक दुकान लागतं, पण दुकानात शिरता येत नाही, कारण माल उंबऱ्यापासूनच सुरू होतो. फ्लेक्सचे रोल उभे, व्हिनाईलचे आडवे, भिंतीला टेकलेल्या आठ बाय चारच्या एसीपी शीट, त्यांच्यापुढे अ‍ॅक्रिलिक, त्याच्यापुढे सनबोर्ड आणि या सगळ्याच्या पलीकडून आवाज येतो, "या, या. जरा तिरकं होऊन या." नानांकडे सरळ गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मी शेजारच्या गाळ्यात शिकवणी चालवतो, म्हणून नाना मला मास्तर म्हणतात. माझ्या वर्गात पूर्वी 30 मुलं मावायची, आता 22 मावतात. उरलेल्या जागेत 'आठवडाभरच, मास्तर' म्हणून टेकवलेल्या सनबोर्डच्या शीट आहेत. त्या आठवड्याला येत्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण होतील.

दर महिन्याच्या पंचवीस-सव्वीस तारखेला पुण्याच्या डीलरचा मेसेज येतो: एक तारखेपासून रेट वाढणार, जुन्या रेटने माल हवा असेल तर आजच कळवा. हाच मेसेज तो जिल्ह्यातल्या प्रत्येक पाटीवाल्याला धाडतो. बाकीचे तो जाहिरात समजून पुसून टाकतात. नाना तो जुन्या काळी तार वाचावी तसा वाचतात. आधी चष्मा शोधतात, मग खुर्ची.

नानांची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. पाटीच्या धंद्यात कोटेशन जानेवारीत द्यावं लागतं, ऑर्डर एप्रिलात येते आणि भांडण जूनमध्ये होतं. गिऱ्हाईक कोटेशनचा कागद देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपून ठेवतं आणि मधल्या काळात शीट कितीही महागली तरी त्याच आकड्यावर बोट ठेवतं. 2008 साली नानांनी एका पतसंस्थेच्या नऊ शाखांच्या पाट्यांचा भाव असाच आधी देऊन ठेवला. जुलैत कच्चं तेल बॅरलला 147 डॉलरवर गेलं, अ‍ॅल्युमिनियमही चढलं आणि नऊ पाट्या नानांनी स्वतःच्या खिशातून लावल्या. तेव्हा त्यांनी शपथ घेतली की पुन्हा मालावाचून सापडायचं नाही. शपथ चांगली होती. फक्त ती त्यांनी ऑगस्टात अमलात आणली, कर्ज काढून, होत्या त्या चढ्या भावाने. डिसेंबरात तेल 40 डॉलरच्या खाली आलं. नाना म्हणाले, "चढेल परत." ते चढायला सवादोन वर्षं लागली. पण चढलं, आणि तिथेच नाना बिघडले.

तेव्हापासून जगात कुठे काही खुट्ट झालं की आमच्या जिन्यात एक रोल वाढतो. जून 2017 मध्ये जीएसटीच्या धास्तीने सारी पेठ माल काढून टाकत होती, नाना भरत होते. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात जहाज आडवं झालं. चीनचा माल आपल्याकडे सुएझवरून येतच नाही, हे मी भिंतीवरचा नकाशा काढून त्यांना दाखवलं. नानांनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, "जहाज नसेल येत. पण डबे तर अडकले ना? आपल्याला रिकामे डबे कुठनं मिळणार?" पुढे कंटेनरची भाडी खरोखरच भडकली, आणि मी भूगोल शिकवतो हे सांगायची मला काही दिवस लाज वाटली. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेलाने शंभर डॉलर ओलांडले आणि त्याच संध्याकाळी टेम्पोतून तीन रोल उतरले. पीव्हीसी तेलाच्या पोटातून निघतं हे नानांनी मला इतक्या वेळा समजावलंय, की पेट्रोल पंपावर गेलो की मला फ्लेक्स आठवतो.

इतकं सगळं असून नानांना श्रीमंत व्हायला काय हरकत होती? हरकत एकच. नाना माल वापरत नाहीत. गिऱ्हाईक आलं, पाटीचं माप ठरलं, शीट दुकानातच उभी आहे, की नाना मोबाईल काढून पुण्याला नवी शीट मागवतात. का, तर "जुन्या भावाचा माल आत्ता कापला तर नुकसान नाही का? उद्या तो आणखी महागणार." म्हणजे पाटी होते नव्या भावाच्या शीटची, आणि जुन्या भावाची शीट भिंतीला टेकून आणखी मौल्यवान होत राहते. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाना वही काढून साऱ्या मालाची आजच्या भावाने बेरीज करतात. तो आकडा ऐकून माझे डोळे पांढरे होतात. मग नाना काकूंकडे फटाक्यांना पैसे मागतात.

2020 साली तर लक्ष्मी दाराशीच उभी होती. टाळेबंदी सैल झाली तशी काउंटरवर लावायला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मागायला औषधवाले, बँकावाले, किराणावाले सगळे आले. अ‍ॅक्रिलिक कुठेच मिळत नव्हतं आणि नानांकडे 40 शीट होत्या. नाना रोज भाव विचारत, रोज तो वाढलेला असे, आणि रोज नाना म्हणत, "अजून दम धरा." गिऱ्हाइकांनी दम धरला नाही. त्यांनी बांबूला दुधाच्या पिशवीसारखं पातळ प्लास्टिक ताणलं आणि भागवलं. त्या 40 पैकी 34 शीट अजून आहेत. वरचा कागद इतका चिकटून बसलाय की आता तो निघताना अ‍ॅक्रिलिकच्याही मनात वैराग्य येत असेल.

कारण माल म्हातारा होतो, हे नानांना मान्यच नाही. ते मूळचे हरिपूरचे. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि बिघडायची नाही. नानांचे वडील पेवांवर हमाल होते. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि पेवांचे दिवस फिरले, पण नानांच्या डोक्यातलं पेव शाबूत राहिलं. फरक इतकाच की हळद टिकते आणि व्हिनाईल टिकत नाही. दोन उन्हाळे गेले की त्याचा गोंद मागच्या कागदाशी संसार थाटतो. एलईडीचंही तसंच. निरनिराळ्या साली घेतलेल्या पट्ट्या एकाच पाटीत बसवल्यामुळे आमच्या डॉक्टरांच्या पाटीवर रात्री 'दवाखा' निळसर दिसतं आणि 'ना' दुधी.

यावर काकूंशी झालेला संवाद मी कानांनी ऐकलाय. काकू पोळ्या लाटत होत्या. ओट्याखाली दोन रोल होतेच. नाना म्हणाले, "तू नाही का एप्रिलात वर्षाचा गहू भरत? तिखट, सांडगे, कुरडया? ती बेगमी, आणि माझा तेवढा पसारा?"

काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "भरते. आणि पुढच्या पाडव्याच्या आत कोठीच्या तळाला हात लागतो माझा. अहो, तुमच्या रोलच्या आतल्या नळकांड्याला लागलाय कधी कुणाचा हात?"

नाना बराच वेळ गप्प बसले. मग हळूच मला म्हणाले, "नळकांड्याचेही भाव वाढलेत, मास्तर."

ऑगस्ट 2019 च्या पुरात दुकान बुडालं. एलईडीचे ट्रान्सफॉर्मर गेले, टेप गेल्या, पण फ्लेक्स प्लास्टिकच, धुतल्यावर पुन्हा फ्लेक्स. पाणी ओसरल्यावर नानांनी स्वतः कात्री घेऊन चार रोल फाडले आणि नदीकाठच्या गळक्या घरांवर अंथरायला देऊन टाकले. एक पैसा घेतला नाही. मात्र पुढे वर्षभर त्या बाजूने जाताना प्रत्येक छपराकडे बोट करून ते मला त्याचा आजचा भाव सांगत असत.

पलीकडच्या गल्लीत एका पोराने पाट्यांचं दुकान काढलंय. त्याच्याकडे लॅपटॉप, मोबाईल आणि खुर्ची एवढंच आहे. सकाळी ऑर्डर घेतो, दुपारी कोल्हापूरहून माल मागवतो, संध्याकाळी पाटी लावतो. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम 2022 मध्ये लहान दुकानांनाही लागू झाला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा त्याचा वारा इथपर्यंत आला. कोल्हापूरला शीट संपल्या. पोरगं नानांकडे तिरकं होऊन आलं. "नाना, सहा शीट द्या की. म्हणाल तो भाव देतो."

नानांनी दिल्या. पण भाव घेतला नाही. "पैसे नकोत. शीट नेतोस, शीट आणून दे," म्हणाले. शेजारणीने वाटीभर साखर उसनी न्यावी आणि वाटीभर परत करावी, तसा सौदा. पोराने पंधरा दिवसांत नव्याकोऱ्या सहा शीट आणून उभ्या केल्या, पाट्यांचे पैसे खिशात घातले आणि दुकानावर एसी बसवला. नाना खूश. त्यांचा साठा एका शीटनेही कमी झाला नव्हता.

परवा पुन्हा मेसेज आला. नाना माझ्याकडे आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या माळ्यावर पलीकडच्या कोपऱ्यात काय आहे?"

माळ्यावर अलीकडच्या कोपऱ्यात मोरपंखी व्हिनाईलचे सात रोल आहेत. चार फुटी, न फोडलेले, आणि गोंद अजून बरा असावा. सांगली-मिरजेकडे कुणाला मोरपंखी पाटी करायची असेल तर कृपा करून या आणि घेऊन जा. भाव विचारू नका, आणि नानांच्या दुकानावरून जाऊ नका.