गाव कंचं म्हणायचं?

सांगलीत सकाळी चहाच्या गाड्यावर रोज एक परिषद भरते. विषय कायमचा: बाहेरची माणसं फार झाली. ठराव एकमतानं मंजूर होतो. मग अध्यक्ष घाईनं उठतात, कारण त्यांना मिरज जंक्शनला जायचं असतं. जावई यायचा असतो. कोइमतूरहून.

बाहेरचा म्हणजे कोण? जो आपल्याकडे येतो तो. आपण जातो तेव्हा त्याला व्यवसाय म्हणतात.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा काही भाग, आणि पलीकडे साताऱ्याचे माण-खटाव. नकाशावर हा पट्टा कृष्णेपासून काही फार लांब नाही. पण कृष्णेनं वाळव्याला ऊस दिला आणि यांच्या वाट्याला खिलार बैल आणि कुसळं आली. कुसळांवर बैल जगतो, माणूस जगत नाही. मग कोणी मुंबईची गिरणी धरली, कोणी मूस उचलली आणि गलाईला गेलं. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच काढायचा. १९७२च्या दुष्काळानं उरलेसुरलेही हलवले. आज सराफकट्टा आहे पण या पट्ट्यातला माणूस नाही, असं शहर देशात शोधावं लागेल.

सापडलं तर मला कळवा. आण्णाचा धाकटा दुकान टाकायला जागाच बघतोय.

आण्णा म्हणजे माझा मावसभाऊ. तीस वर्षं कोइमतुरात गलाई. इकडे थोरला म्हणून आण्णा. तिकडे तमिळमध्येही थोरला भाऊ म्हणजे अण्णाच. एवढ्या लांब जाऊन माणसाला नावसुद्धा बदलावं लागलं नाही. आमची परिषद मात्र सोलापूर ओलांडलं की परदेश धरते.

त्याच्या दुकानात मी एकदा दिवसभर बसलो होतो. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. भट्टी, मूस, चिमटे, टाकणखार, आणि कोपऱ्यात तेजाबाच्या बरण्या. मला वाटायचं, सोनं तापवलं की मळ जळतो आणि सोनं शुद्ध होतं. कीर्तनात तसंच सांगतात. प्रत्यक्षात आण्णानं त्या सोन्यात आधी चांदी मिसळली. थोडीथोडकी नाही, सोन्याच्या जवळजवळ तिप्पट. मग ते तेजाबात सोडलं. तांबूस धूर उठला, मी खोकत बाहेर पळालो. परत आलो तर चांदी, तांबं सगळं विरघळून गेलेलं आणि तळाशी तपकिरी गाळ.

"हा टाकायचा का?" मी विचारलं.

"टाक की," आण्णा म्हणाला. "साठ ग्रॅम हाय."

तेच सोनं. म्हणजे शुद्ध करायचं तर आधी भरपूर भेसळ करावी लागते. ही गोष्ट कुठल्याही शुद्धीवाल्याला सांगून बघा. सांगताना जरा लांब उभे राहा.

आणि एवढं शुद्ध करून होतं काय? त्याचा दागिना धड होत नाही. मऊ पडतं, वाकतं. पुन्हा तांबं-चांदी घालून बावीस कॅरेटवर आणायचं, मग ते अंगावर टिकतं. ९१६चा सरकारी शिक्काही त्यालाच. आमच्या गावाकडे दागिन्याला डाग म्हणतात, ते उगीच नव्हे.

आता देवाकडे वळू. तिथं तर टंच काढायची सोयच नाही.

वहिनी कोइमतुरात नवीन होती तेव्हाची गोष्ट. शेजारीण म्हणाली, चला मरुदमलैला, डोंगरावरच्या मुरुगनाला. चौकशी केली तर मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. वहिनीनं कानाला हात लावले. आपल्याकडे बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही, घेतलं तर सात जन्म वैधव्य. सवलत फक्त कार्तिकी पौर्णिमेला, तीही कृत्तिका नक्षत्राचा योग असेल तेवढ्या वेळेपुरती. देव ब्रह्मचारी, त्याला त्रास नको.

वहिनी पायऱ्यांशी थांबली. बघते तर नव्या नवऱ्या चालल्यात, गरोदर बायका चालल्यात, कडेवर पोरं घेतलेल्या चालल्यात. आणि तसबिरींच्या दुकानात देवाच्या एका बाजूला वळ्ळी, दुसऱ्या बाजूला देवयानै. एक नाही, दोन बायका!

बरं, शेजारणीला गणपती विचारावा, तर ती म्हणते, आमचा पिळ्ळैयार पिंपळाखाली एकटा बसतो, त्याचं कुठलं लग्न? इकडे आपण त्याच्या दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी बसवून मोकळे. आई-बाप तेच, भाऊ तेच. कृष्णेच्या अलीकडे गणपती संसारी आणि कार्तिकस्वामी सडा. कावेरीकडे नेमकं उलटं. वऱ्हाड वाटेत चुकलं असावं.

यातलं खरं कुठलं? धर्मसभा भरवा, समिती नेमा, अहवाल मागवा. तोवर एक पुरावा माझ्याकडे आहे. वहिनी तीस वर्षं मुरुगनाला जाते.

आण्णा ठणठणीत आहे.

गावी आली की मात्र हीच वहिनी कार्तिकस्वामीचं नाव निघालं तरी तोंड फिरवते. मी एकदा छेडलं, तिथला देव वेगळा आणि इथला वेगळा का?

"देव एकच हाय ओ भावजी," ती म्हणाली. "सासू इथं असतीया."

आण्णाच्या सुनेनं पळणीच्या मुरुगनाला नवस बोलला होता. लेकराचं दुखणं हटलं, तिनं जाऊन केस दिले, डोक्याला चंदन लावून आनंदानं आली. तिकडे बायकाही असे केस देतात, त्यात काही विशेष नाही. त्याच आठवड्यात काही कामानं गावी यावं लागलं. गाडीतून उतरली आणि तिचं डोकं बघून अर्धी गल्ली रडायलाच आली. मागून नवरा बॅगा घेऊन उतरला, तेव्हा रडणं थांबलं. मग कुजबुज सुरू झाली, ती अजून चालू आहे.

भट्टीच्या वरच्या फळीवर आण्णाचे देव आहेत. मधे खरसुंडीचा सिद्धनाथ, शेजारी मुरुगन, आणि कडेला वेलांकण्णीची माता मेरी. माता आण्णाची नव्हे. आधीचा भाडेकरू जाताना ठेवून गेला. काढायचं कोणाच्या जिवावर येईना. आता तिलाही रोज उदबत्ती. "ऱ्हाऊ दे, भाडं कुठं मागती?" असं आण्णाचं धर्मशास्त्र. मला यापेक्षा लहान धर्मशास्त्र माहीत नाही.

तिकडेही चहाच्या गाड्यावर परिषद भरते, बरं का. तमिळमध्ये. विषय तोच: 'वडक्कन' फार झाले. वडक्कन म्हणजे उत्तरेचे. बिहार उत्तरेला, हे ठीक. पण कोइमतुराहून पाहिलं तर आटपाडीही उत्तरेलाच येते! आण्णाला तमिळ पुरतं कळतं. तो मान डोलावतो, चहा संपवतो आणि भट्टी पेटवायला जातो.

नातू घरात मराठी बोलतो, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्रजी आणि मारवाडी गिऱ्हाइकाशी हिंदी. वय वर्षं दहा. इकडे २०२५मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं आणि सरकारनं २९ जूनला त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. बरं झालं, सहा वर्षांच्या पोरावर सक्ती कशाला? पण चार भाषा बोलणारा हा पोरगा जत्रेला आला, तर गावातली पोरं त्याला हसतात. मराठी नीट येत नाही म्हणून. येत नसेल. 'ळ' मात्र असा खणखणीत म्हणतो की इथल्या इंग्रजी शाळेतल्या पोरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

जत्रा म्हणजे गलाईवाल्यांची दिवाळी. लग्नं, वास्तुशांती, बारशी, भावकीतली भांडणं, सगळं त्या चार दिवसांत बसवायचं. कमानीवर देणगीदारांचा फ्लेक्स: कोइमतूर, त्रिशूर, रायपूर, अमृतसर. वरून खाली वाचत गेलं तर रेल्वेचं वेळापत्रक वाटतं. कुस्तीचा पहिला इनाम एका शहराचा, दुसरा दुसऱ्याचा. देवाला पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी घराघरांत मटण. तिकडे मुरुगनाला गोड आणि वेशीवरच्या करुप्पसामीला बोकड. हिशोब सारखाच, एवढ्यावर मात्र दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

मुंबईत एकेकाळी लुंगीवाल्यांविरुद्ध आरोळ्या उठल्या होत्या. जत्रेत आण्णा गुडघ्याच्या वर लुंगी दुमडून पारावर बसलेला असतो. कोणी काही म्हणत नाही. आडनाव ओळखीचं असलं की लुंगीही आपलीच.

पाचव्या दिवशी गाव रिकामं. स्लॅबचे बंगले, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दारावर भलंमोठं कुलूप. आत दोन फ्रीज आणि शून्य माणसं. ज्या गावाच्या ओढीनं जन्मभर कमावलं त्या गावात वर्षाचे आठ दिवस राहायचं. याला काय म्हणावं? आण्णा म्हणतो, गाव. मीही पुढे विचारत नाही, कारण मीही सांगलीला राहतो आणि गावी आठच दिवस जातो.

आणि आता तर पाणीही आलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं, टप्प्याटप्प्यानं चढवलं आणि ज्या रानात कुसळं होती तिथं डाळिंब आणि द्राक्षं लागली. पाण्यापायी गेले ते पाणी आल्यावर परतले का? दुकान आहे, नातवाची शाळा आहे, सवय आहे. नाही परतले.

मग त्या बागा राखतं कोण?

आण्णाची डाळिंबं राखायला बिहारचं एक जोडपं आहे. चार वर्षं झाली. बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. परिषदेत ज्यांच्याविरुद्ध ठराव होतो ते हेच. बाई रोज संध्याकाळी बंगला उघडते, झाडून काढते आणि देवघरात सिद्धनाथापुढे दिवा लावते. कोणी सांगितलं नव्हतं. घर उघडं आणि देव अंधारात, हे तिला बरं दिसेना. छठच्या दिवशी ती टेंभूच्या पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देते. त्या दिवशी दिव्याला थोडा उशीर होतो, एवढंच.

मागच्या महिन्यात मी तिथं गेलो. ओळख नव्हती. तिनं फाटकातूनच विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं म्हणायचं?"

मला पटकन सांगता आलं नाही.

किल्ली तिच्याकडेच असते. त्या बाजूला गेलात तर मागून घ्या. मराठीत मागा, तिला येतं.