दिवेलागणीची खरखर

माझ्या हाकेला कुणी ओ देत नाही याला मी जबाबदार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हौशी रेडिओचा रीतसर परवाना आहे. 'व्हिक्टर युनिफॉर्म थ्री'ने सुरू होणारं कॉलसाइन आहे (पुढची अक्षरं देत नाही, उगीच चाहत्यांचा त्रास). सोसायटीच्या गच्चीवर दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार ताणलेली आहे, आणि ती कपडे वाळत घालण्यासाठी नाही हे पटवण्यात एक अख्खी सर्वसाधारण सभा खर्ची पडली आहे. एवढं करूनही संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर 'सीक्यू, सीक्यू' (म्हणजे 'कुणी आहे का?') करत घसा फोडला की पलीकडून यायची ती फक्त खरखर.

आणि साधी नव्हे, आवाजाचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नऊवर. या मीटरवर एक घर चढलं की शक्ती चौपट होते. नऊच्या खरखरीत पाचवर येणारं लांबचं स्टेशन शोधणं म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत शेजारच्या माणसाच्या मनगटावरची टिकटिक ऐकणं. खरं सांगायचं तर ही खरखर मला थोडी सोयीचीही होती. 'आज कुणाशी बोलणं झालं?' असं बायकोने विचारलं की मी हताश हसून खिडकीबाहेर बोट दाखवत असे. बाहेर अख्खी डोंबिवली होती. त्यातलं कुणीतरी गुन्हेगार असणारच.

संशयितांची यादी मोठी होती. हल्ली घराघरांत वीज सरळ चालतच नाही. तिचे सेकंदाला हजारो तुकडे करून मग ती दिव्याला, चार्जरला, टीव्हीच्या डब्याला पुरवतात. प्रत्येक तुकड्याबरोबर थोडी किरकिर बाहेर सांडते आणि घरातल्या वायरीच तिची अँटेना होतात. पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर जाड असते. चार्जरची गाठी-गाठीने येते. डायल फिरवा, ठरावीक अंतरावर पुन्हा हजर. विजेच्या खांबावर ठिणग्या उडत असतील तर ती कोरड्या हवेत चेकाळते आणि पावसात गप्प बसते. हे सगळं मी कानाने ओळखू लागलो होतो. एकाही परदेशी हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओवाल्याशी, बोलणं झालं नव्हतं, पण खरखरीतला मी दर्दी झालो होतो.

मग हातात ट्रान्झिस्टर घेऊन, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून, मी जिन्यावर गस्त घालू लागलो. हा प्रकार शास्त्रशुद्ध आहे. पण बंद दाराला ट्रान्झिस्टर लावून उभ्या असलेल्या माणसाकडे समाज ज्या नजरेने बघतो ती शास्त्रशुद्ध नसते. तिसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून म्हणाले, "स्कोअर काय झाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी काहीच न विचारता दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. सोसायटीच्या ग्रुपवर मी 'विद्युतचुंबकीय प्रदूषण : एक आवाहन' असा मजकूर टाकला. त्याला अकरा नमस्कार आले आणि एक 'शुभ सकाळ'.

स्वतःच्या घराची तपासणी केली नाही असं समजू नका. एका रविवारी भर दुपारी घराचा मेन स्विच पाडला आणि रेडिओ बॅटरीवर लावला. खरखर नाही. स्विच वर केला. तरी नाही. घर निर्दोष! मुळात दुपारी खरखर नसतेच, हा तपशील तेव्हा मला गौण वाटला.

खरखर यायची ती संध्याकाळी, आणि रात्री दहाच्या सुमाराला जायची. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस अशा वेळी काय करणार? वही घातली. तारीख, सुरू, बंद, काटा. आणि महिन्याभरात त्या वहीने मला असा धक्का दिला की रात्री झोप लागेना. वेळ सरकत होती! जानेवारीच्या सुरुवातीला 6.13. संक्रांतीला 6.21. महिनाअखेरीस 6.32.

यातला थरार कळायला कार्ल जान्स्की माहीत हवा. नसेल तर मी सांगतो. असेल तरी सांगणार आहे, कारण घरात आता कुणी ऐकत नाही.

जान्स्की हा बेल लॅबोरेटरीजमधला पंचविशीतला इंजिनीअर. समुद्रापार रेडिओ-टेलिफोन चालायचा, त्यात खरखर यायची. ती कुठून येते ते शोध, असं त्याला सांगितलं. म्हणजे नेमकं माझंच काम. फरक एवढाच की त्याला पगार होता. न्यू जर्सीत होल्मडेलच्या शेतात त्याने तीसेक मीटर लांबीचा अँटेनाचा सांगाडा फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या चाकांवर बसवला आणि तो गोल फिरवत ठेवला. लोक त्याला जान्स्कीची चक्री म्हणत. 20.5 मेगाहर्ट्झवर तो महिनोन्‌महिने खरखर ऐकत बसला. त्याला तीन प्रकार सापडले: जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची, आणि तिसरी एक बारीक, अखंड सळसळ. ही तिसरी रोज ठरावीक जागी वर यायची, पण दर दिवशी चार मिनिटं आधी. तिचा फेरा 24 तासांचा नव्हता, 23 तास 56 मिनिटांचा होता. सूर्याचा दिवस 24 तासांचा. 23 तास 56 मिनिटांचा दिवस ताऱ्यांचा! ही खरखर शेजाऱ्याची नव्हती, पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. ती धनू राशीतून, आकाशगंगेच्या गाभ्यातून येत होती. 1933 साली त्याने हे छापलं आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं. आणि पुढे ते पाळण्यातून उचललं कुणी? ग्रोट रेबरने. 1937 साली, अमेरिकेतल्या व्हीटन गावी, घरामागच्या अंगणात 31 फुटी थाळी उभारून. आणि रेबर कोण? हॅम! आमच्यातला! आपल्या नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या आकाशाकडे कान लावून बसल्यात, त्यांची वंशावळ अशी एका खरखरीपर्यंत आणि एका हौशी माणसापर्यंत जाते. मी तिकडून जातो तेव्हा गाडी थांबवायला लावतो. घरचे तेवढ्यात उसाचा रस पिऊन घेतात.

तर माझीही खरखर सरकत होती. जान्स्कीची रोज चार मिनिटं आधी येई, माझी अर्धं-पाऊण मिनिट उशिरा. पण शोधाला दिशेचं बंधन नसतं. काहीतरी आकाशस्थ आहे एवढं नक्की. फेब्रुवारीत तर कमाल झाली. आई चार दिवस माझ्या बहिणीकडे गेली होती. त्याच चार दिवसांत खरखर एकदम आठ-सव्वाआठला सुरू व्हायला लागली. पाचव्या दिवशी पुन्हा 6.40. मी वहीत लाल शाईने लिहिलं: 'स्रोत अस्थिर.' जान्स्कीच्या नावाने रेडिओ खगोलशास्त्रात एक मापनाचं एकक आहे. माझं आडनाव एकक म्हणून कसं वाटेल हेही मी उच्चारून पाहिलं होतं.

बायकोने इस्त्रीवाल्याचा हिशोब शोधताना ती वही उघडली. दोन पानं चाळली आणि म्हणाली, "अहो, आईंच्या दिवेलागणीच्या वेळा कशाला लिहून ठेवल्यात?"

मी म्हटलं, "कसल्या वेळा?"

"देवापाशी दिवा लावायच्या. या बघा ना. आणि हे चार दिवस त्या ताईंकडे होत्या, तेव्हा मी ऑफिसातून आल्यावर लावत होते. ते अस्थिर काय लिहिलंय?"

आता मला काही गोष्टी कबूल करणं भाग आहे. देवघरातली ती विजेची समई मी आणली होती. दिवाळीनंतर काडी ओढताना आईचा हात थरथरला, बोट भाजलं, पदर थोडक्यात वाचला. मी तेलाची समई माळ्यावर टाकली आणि स्टेशनबाहेरून प्लॅस्टिकच्या पाच ज्योतींची, अडॅप्टरवाली, एकशेवीस रुपयांची समई घेऊन आलो. प्रश्न सोडवल्याचा मला आनंद झाला. आई एवढंच म्हणाली, "याला वात नाही का रे?" मी हसलो होतो.

पंचाऐंशी वर्षांची बाई. घड्याळ तिला नीट दिसत नाही. पण खिडकीतला उजेड मावळला की उठायचं, पाय धुवायचे आणि दिवा लावायचा, हे तिचं तेलाविना, वातीविना, नुसतं एक बटण दाबण्याएवढं उरलं होतं, तरी तिने वेळ सोडली नव्हती. माझी खरखर खरोखरच आकाशस्थ होती. सूर्य मावळायचा, आई उठायची, काटा नऊवर जायचा. वाती ती अजून वळते, हेही मला त्याच आठवड्यात कळलं. डबा काठोकाठ भरला होता.

मी अडॅप्टर फोडला. आत पाहिलं आणि भडकलो. पाटीवर खरखर अडवणाऱ्या भागांची जागा होती! 'एल 1' असं स्वच्छ छापलेलं, भोवती चौकट आखलेली, आणि तिथे गुंडाळीऐवजी तारेचा एक तुकडा डाकलेला. शेजारी कपॅसिटरची दोन भोकं रिकामी. म्हणजे ज्याने हे आखलं त्याला अक्कल होती. ज्याने बनवलं त्याला काही रुपये वाचवायचे होते. पाणपोई बांधून आत माठच ठेवायचा नाही, तसं. अशी समई घराघरांत असेल, आणि आम्ही जिन्यात ट्रान्झिस्टर घेऊन एकमेकांवर संशय घेत फिरायचं.

असो. पहिला उपाय ठरलेला: फेराइटचं कडं. अडॅप्टरची वायर त्या कड्यातून ओवायची. एका वेढ्याने जेवढा अडसर होतो त्याच्या चौपट दोन वेढ्यांनी, नऊपट तीन वेढ्यांनी. अति वेढे घातले तर फायदा उलटतो, म्हणून मी सातावर थांबलो. सात साते एकोणपन्नास. बायको बघत होती. म्हणाली, "आम्ही वडाला गुंडाळतो तेव्हा तुम्ही हसता." काटा नवावरून सहावर आला. सहा म्हणजे अजूनही गोंगाटच. दुसरं कडं चढवायला निघालो, तेव्हा आई दारात उभी.

"त्या दिव्याला काय बांधतोयस?"

"आई, याचा त्रास होतोय. माझ्या रेडिओला."

"मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "तेलाचा लावू की. तो काही बोलत नाही."

समई माळ्यावरून खाली आली. काडी ओढायचं काम माझ्याकडे. वात आई पेटवते, मी तिचं मनगट धरतो. आता संध्याकाळी काटा चारवर असतो, म्हणजे नवाच्या मानाने खरखर हजारपट कमी. पण यात एक मेख आहे. आमच्या या पट्ट्यावर दूरदूरची स्टेशनं ऐकू यायची उत्तम वेळ नेमकी सूर्यास्ताची. दिवसभर आमच्या लहरी गिळणारा खालचा थर उन्हाबरोबर विरतो, त्यांना परत पाठवणारा वरचा थर मात्र टिकून असतो. त्याच दहा मिनिटांत मी काडेपेटी घेऊन देवघरात उभा असतो. रेडिओ आतल्या खोलीत चालू असतो, स्वच्छ, आणि ऐकायला कुणी नसतं. नंतर जाऊन मी 'सीक्यू' देतो. अजून तरी कुणी ओ दिलेली नाही. आता बोट कुठे दाखवायचं हा प्रश्न आहे.

वही बंद केलेली नाही. पूर्वी काट्यावरून कळायचं, आता पंचांगही बाजूला घेऊन बसतो. कालची नोंद: सूर्यास्त 6.48, आई 6.49.